एवढंसं पेन, त्याला वर्ष कशाला?

सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत लाकूड कातायचा लेथ सुरू झाला की कोणी ना कोणी डोकावतंच. चौकोनी काडी फिरता फिरता गोल होते, पिळासारख्या सालपट्या उडतात, अर्ध्या तासात लाकूड हाताला रेशमासारखं लागायला लागतं. हे बघितलं की आलेला माणूस हमखास म्हणतो, आमच्या दारच्या झाडाचा तुकडा आणून देतो, त्याचं पेन करून द्या. मी पुढच्या मार्च-एप्रिलचा वायदा करते आणि मग तो प्रश्न येतो: एवढंसं पेन, त्याला वर्ष कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटरचा होता. आमच्याकडच्या वाड्यांत माड आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. शेजारच्या काकूंचा परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. काकू लग्न होऊन आल्या तेव्हाही तो फळं देत होता. करवत घेऊन माणसं आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अगो, त्याचं काहीतरी राहू दे गो घरात." पेनं करायला लागून मला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. मी हातभर ओंडका उचलून आणला आणि ऑगस्टातच पेन करून त्यांच्या हातात दिलं. पिवळंजर्द, सुरेख दिसत होतं. काकूंनी ते सोलापूरच्या मुलाला पाठवलं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने फोटो पाठवला. मधल्या कड्यापासून टोकापर्यंत सरळ चीर गेली होती आणि तिच्यातून आतलं पितळ चमकत होतं. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, कारण चूक लाकडाची नव्हती, माझ्या घाईची होती.

ती चूक समजायला पेनाच्या पोटात काय असतं ते बघायला हवं. आत 7 मिलीमीटरची पितळी नळी असते. लाकडाला आरपार भोक पाडायचं, नळी सँडपेपरने खरवडून इपॉक्सी (पक्का गोंद) लावून आत सरकवायची, मग ते मँड्रेलवर, म्हणजे लेथवरच्या बारीक दांड्यावर, चढवून दोन्ही टोकांच्या बुशिंगला, म्हणजे पेनाची जाडी ठरवणाऱ्या धातूच्या कड्यांना, टेकेपर्यंत गाउजने (पन्हळीच्या पटाशीने) उतरवायचं. बुशिंग साधारण 8.4 मिलीमीटरचं. म्हणजे टोकाशी नळीवर लाकूड उरतं 0.7 मिलीमीटर. नखाहून जरासं जाड. दमट हवेने किंवा कोरड्या हवेने पितळेला काही होत नाही. लाकूड मात्र फुगतं आणि आकसतं, तेही लांबीत जवळजवळ नाहीच, सगळं आडव्या अंगाने. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावरचं लाकूड हवेतलं पाणी घेऊन 18-20 टक्के ओलाव्यावर जाऊन बसतं. तेच देशावरच्या उन्हाळ्यात 6-7 टक्क्यांवर येतं. लाकूड आकसायला बघतं, आतली नळी हलत नाही. मग ते रेषेत फाटतं. काकूंचा फणस तर नुकता पडलेला, रसाने भरलेला. त्याला मी ऑगस्टच्या धारांत पेनात कोंबलं होतं.

वरून पॉलिश असतं ना, असं बरेच जण म्हणतात. पॉलिशने ओलावा उशिरा आत-बाहेर होतो, थांबत नाही. शिवाय लाखेचं पॉलिश पावसाळ्यात लावलं तर त्यावर दुधी झाक येते, तो वेगळाच ताप. म्हणून जून ते सप्टेंबर मी लेथवर झाकण घालते आणि हत्यारांना तेल लावत बसते.

लाकूड आलं की पहिलं काम म्हणजे दोन्ही तोंडांवर वितळवलेलं मेण. ओलावा सगळ्यात भरभर तोंडातून जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. त्यावर झाडाच्या मालकाचं नाव आणि तारीख लिहून तो ओंडका माळ्यावर जातो. दिवाळीनंतर त्याच्या 20 मिलीमीटर चौकोनी, 13 सेंटीमीटर लांबीच्या काड्या पाडते आणि तिथून दर रविवारी वजन. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. फणसाची काडी सुरुवातीला 48 ग्रॅम भरली तर फेब्रुवारीत 33-34 वर येते. सलग तीन रविवार काटा हलला नाही की ती तयार. मग भोक पाडल्यावरही आठवडाभर ठेवते, कारण पोटातला ओलावा तेव्हा सुटतो. बल्बच्या पेटीत घालून लवकर वाळवायचा प्रयोग मी केला आहे. फणसाच्या सहातल्या चार काड्या वाकल्या.

सगळी लाकडं सारखी वागत नाहीत. आंबा वाळायला सोपा, पण पावसात पडून राहिला तर त्यात निळसर-काळ्या रेघा येतात आणि भुंगा लागतो. त्या रेघा पेनावर अतिशय देखण्या दिसतात, म्हणून भुंग्याच्या आधी त्याला गाठावं लागतं. सुरूचं लाकूड दगडासारखं आणि चिरायला टपलेलं. माडाची गोष्ट निराळीच. त्याला वर्षाच्या कड्या नसतात, सगळ्या खोडात गडद धागे सोडलेले असतात. बुंध्याच्या बाहेरच्या भागातलंच लाकूड घट्ट, आतलं स्पंजासारखं. ड्रिल कठीण धाग्याला अडखळतं आणि बाजूच्या मऊ भागात घसरतं, म्हणून अगदी हळू, मधे मधे बाहेर काढून भुसा झाडत जावं लागतं. पण काडी जराशी तिरपी कापली की तेच धागे पेनावर थेंबांसारखे उमटतात. निसर्ग वादळात पडलेल्या माडाचं एक पेन मी स्वतःसाठी ठेवलं आहे, रोज त्यानेच लिहिते.

आणि फणस मला सगळ्यांत प्रिय आहे. मृदंगाचं खोड ज्या लाकडाचं करतात तेच हे. कातताना भुशाने बोटं पिवळी होतात. पेन नवं असतं तेव्हा हळदीसारखं, मग उजेडात ठेवत गेलं की वर्षा-दोन वर्षांत मधासारखं, पुढे तपकिरी.

काकूंच्या फणसाचा उरलेला ओंडका मी जपून ठेवला होता. फोटो आला तेव्हा त्याचा पहिला उन्हाळा चालू होता. मी त्याला हात लावला नाही, आणखी एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ दिला, आणि 2022 च्या मार्चमध्ये दुसरं पेन केलं. या वेळी काकू स्वतः पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेवटच्या 600 च्या सँडपेपरनंतर लेथ थांबवला, तेव्हा त्यांनी पेन हातात न घेता आधी जमिनीवरचा पिवळा भुसा चिमटीत घेतला आणि वास घेतला. ते पेन सोलापुरात आहे, शाबूत आहे. काकूंनी नंतर एक स्वतःसाठीही करून घेतलं. दुधाचा हिशेब त्या त्यानेच लिहितात.

तर तुमचा तुकडा जरूर आणा. मनगटाएवढा जाड आणि वीतभर लांब पुरे. कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेण लावा, मेणबत्ती चालेल, आणि झाड कुठलं, कधी पडलं ते चिठ्ठीवर लिहून बांधा.