राजन्यापेक्षा तापलेला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. थंडीत गुहागरच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावली की पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतंच: निळसर-पांढरे तारे जास्त तापलेले म्हणता, मग तुम्ही दाखवताय तो ठिपका इतका मिणमिणता कसा?

हा ठिपका म्हणजे यमुना तारकासमूहातल्या 40 एरिडानी या तिकुटातला ‘बी’. मृगातल्या राजन्य (रायगल) या ठळक ताऱ्याच्या सरळ पश्चिमेला, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीवर, एक नारिंगी तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दुर्बिणीतून त्याच्या शेजारी हा, साडेनवाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद. निळा म्हणाल तर कोणालाच दिसत नाही. एवढ्या अपुऱ्या उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, रंग कळतो तो वर्णपटातून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विखरून घेतलेल्या पट्ट्यातून. मंद तारे लालच असणार अशी एके काळी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांचीही अपेक्षा होती. 1910 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेतल्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी वर्णपट तपासून सांगितलं, हा ‘ए’ वर्गातला, म्हणजे व्याधासारखा पांढरा. तुमची शंका रसेल यांनाही पडली होती, एवढंच.

याचा पृष्ठभाग सुमारे 17,000 केल्विन. तो झगझगीत राजन्य मात्र 12,000 च्या आसपास! म्हणजे दोघांत जास्त तापलेला हाच. सगळी गोम आकारात आहे. ताऱ्याचा एकूण प्रकाश तापमानाच्या चौथ्या घातावर आणि त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. सूर्याच्या तिप्पट तापमान म्हणजे पृष्ठभागाच्या तेवढ्याच तुकड्यातून सुमारे 80 पट प्रकाश. पण याची त्रिज्या सूर्याच्या जेमतेम 1.3 टक्के, पृथ्वीच्या दीडपटीहूनही थोडी कमी. गुणाकार केला की हाती सूर्याच्या प्रकाशाचा पंचाहत्तरावा हिस्सा लागतो. राजन्याची त्रिज्या सूर्याच्या सत्तरपटीहून जास्त, त्यामुळे तो 860 प्रकाशवर्षांवरूनही डोळ्यांत भरतो. हा फक्त 16 वर असून शोधावा लागतो.

त्या एवढ्याशा गोळ्यात सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमान कोंबलंय. सुपारीएवढा तुकडा काढता आला तर दीड-दोन टन भरेल. आत आता काही जळत नाही. हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, साठलेली उष्णता अब्जावधी वर्षं बाहेर टाकत राहणार. स्वतःच्या भाराने तो कोसळत नाही ते इलेक्ट्रॉनांच्या दाबामुळे. त्या दाबाला तापमानाची फारशी गरज नसते, म्हणून निवला तरी आकार जवळपास हाच राहील. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

बघायला यायचं तर जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेआठच्या सुमाराला या. तेव्हा तो दक्षिणेला उंच असतो. मार्चमध्ये संध्याकाळीच समुद्राकडे कललेला सापडतो आणि त्या अंगाला एलईडी लावून मासे धरणाऱ्या बोटी असल्या तर आभाळ पार धुवून निघतं. तिसरा, लाल भिडू दाखवा असा हट्ट मात्र धरू नका. खाऱ्या, दमट हवेत माझ्या दुर्बिणीला तो झेपत नाही.