वसले की बसले?

मोडी वाचून देणं हा माझा धंदा. येणारे बहुतेक कोर्टाच्या तारखेला दोन दिवस उरले की धावत येतात आणि "एकच पान आहे हो" म्हणतात. गेल्या महिन्यात गोव्यातल्या केप्याहून आलेल्या गृहस्थांना मात्र पाटी लावायची होती: 'केप्यात वास्तव्य 1727 पासून'. संगमरवर कापूनही झाला होता. साल आधीच कुणीतरी वाचून दिलेलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून वाचणारे आमच्यातही आहेत.

केपे दियांवने वसवलं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हा जुझे पाउलु नावाचा पाद्री 1779 साली पोर्तुगालहून गोव्यात आला. 1787 मध्ये त्याने कुशावतीच्या काठी वाडा बांधला, समोर इगर्ज, म्हणजे चर्च, उभी केली, बाजार भरवला. सोंदेकर राजांचा तो मुलूख पोर्तुगिजांच्या हाती येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. म्हणजे 1727 खरं ठरलं तर हे घराणं वाड्याच्या साठ वर्षं आधीचं. (त्याच कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडात बैल कोरणारे याहून कितीतरी जुने, पण त्यांच्यातर्फे माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही.)

कागद म्हणजे हिशेबाच्या वहीचं सुटं पान. शक दिलेला नाही, नुसतं 'प्लवंग नाम संवत्सर'. हे नाव साठ वर्षांनी परत येतं: 1727, 1787, 1847. आधीच्या वाचकाने त्यातलं सगळ्यात जुनं उचलून दिलं होतं.

मोडीत शब्द तोडत नाहीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत न्यायची. तिसऱ्या ओळीतला गुंता सोडवायला मला पाऊण तास लागला: 'थोरले इगर्जेपुढील बाजारी वसले'. इगर्जेपुढील! दियांव यायच्या आधी केप्यात इगर्ज कुठली? 1727 तिथेच निकालात निघालं. खरं सांगतो, त्या पाऊण तासाचा मला अजून अभिमान आहे.

पण शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर मात्र हटेना. घाईच्या हातात व आणि ब एकमेकांत मिसळतात. 'बाजारी'मधला ब बाजूला ठेवून ताडून पाहिला, तर नेमकं या अक्षराच्या पोटात कसरीने भोक पाडलेलं. वसले म्हणजे बिऱ्हाड केलं, बसले म्हणजे टोपली घेऊन बसले आणि दिवेलागणीला घरी गेले.

"सर, 'वसले' म्हणूनच बरयात," म्हणजे लिहा, गृहस्थ म्हणाले.

मी लिप्यंतरात 'वसले / बसले' असं दोन्ही लिहिलं, साल '1787 किंवा 1847'. ते काही बोलले नाहीत. कागद जिथे आधीच फाटत आला होता त्याच घडीवर दुमडून शर्टाच्या खिशात घातला, घामाच्या! उरलेले पैसे राहिलेच.

रात्री मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून पुढची ओळ वाचली. ती त्यांनी मला वाचूच दिली नव्हती. 'छपरास चुडते 120'. चुडतं म्हणजे माडाची विणलेली झावळी.

सकाळी आईला विचारलं. तिचं बालपण चुडतांच्या छपराखाली गेलेलं. म्हणाली, बाजारातल्या माटवाला वीस-पंचवीस पुरे झाली, एकशेवीस म्हणजे घर.

त्यांना तीन वेळा फोन केला. उचलत नाहीत.