आमची वाटचाल : साठ मिलिग्रॅमच्या फिल्मचा हिशेब

गोळ्यांच्या बाजारात आम्ही औषधाची पातळ फिल्म घेऊन उतरलो, तेव्हा ‘तोंडाच्या वासावरच्या पट्ट्या ना?’ हा प्रश्न ठरलेला असायचा. २००१ मध्ये लिस्टरीनच्या पट्ट्या आल्या आणि जिभेवर विरघळणारी फिल्म गोळी-चॉकलेटात जमा झाली. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) ऑन्डान्सेट्रॉन या मळमळ-उलटीवरच्या औषधाच्या फिल्मला मान्यता दिली, मग तीच मंडळी नमुने मागू लागली. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमची मुख्य फिल्म ऑन्डान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅमचीच. २ बाय ३ सेंटिमीटर, वजन ६० मिलिग्रॅम. त्यात फिल्म धरणारा पॉलिमर एचपीएमसी ई५ साधारण ३३ मिलिग्रॅम, लवचीकपणासाठी पीईजी ४०० सात मिलिग्रॅम, बाकी माल्टोडेक्स्ट्रिन, सुक्रालोज, पेपरमिंट. लाळ सुटावी म्हणून सायट्रिक ॲसिड घालायची सर्रास पद्धत आहे. आम्ही घालत नाही. औषध बेसच्या (क्षार न केलेल्या) रूपात असेल तर ते लाळेत फारसं विरघळत नाही, म्हणून कडू लागत नाही. आंबटपणा आला की ते विरघळतं आणि रुग्ण तोंड वाकडं करतो. आधीच मळमळणाऱ्या माणसाला हे कशाला द्यायचं?

फिल्मचा डोस क्षेत्रफळ आणि जाडी यांवर ठरतो. कापणी अचूक असतेच, सगळा घोळ जाडीत. ६० भागिले ६, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम, चौरस मीटरला १०० ग्रॅम. मिश्रणात घन भाग २५ टक्के, म्हणून ओलं कोटिंग ४०० ग्रॅम, घनता १.१ धरली तर ओली जाडी ३६० मायक्रॉनच्या आसपास. सुकल्यावर उरतात ८०-८५. ओल्या थरात ३६ मायक्रॉन कमी-जास्त झाले की डोस दहा टक्के हलला.

धंदा बसायची वेळ आली ती इथेच. ई५ मधला ५ हा आकडा २ टक्के द्रावणाच्या व्हिस्कॉसिटीचा (घट्टपणाचा), आणि फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, त्याला ८० ते १२० टक्के सूट देते, म्हणजे ४ ते ६. पुरवठादाराने एक लॉट खालच्या टोकाचा दिला, पुढचा वरच्या. दोन्ही सीओएवर (पुरवठादाराच्या तपासणी सर्टिफिकेटवर) पास. पण आमच्या मिश्रणात एचपीएमसी १४ टक्के असतं, तिथे तोच फरक दोन-तीन पटींचा होतो. नाइफ कोटिंगमध्ये, म्हणजे चाकूच्या फटीखालून थर पसरवताना, चाकूखालून किती माल जाईल हे फटीबरोबरच घट्टपणावर, वेबच्या (सरकत्या पट्ट्याच्या) वेगावर आणि चाकूमागे साठलेल्या मालाच्या उंचीवर ठरतं. दहा फिल्मच्या कंटेंट युनिफॉर्मिटीत (प्रत्येकीत डोस सारखा आहे का, या तपासणीत) ॲक्सेप्टन्स व्हॅल्यू १५ च्या मर्यादेच्या वर जायला लागली, रोलच्या रोल अडकले. पुरवठादाराचं एकच पालुपद, ‘लॉट स्पेकमध्ये आहे.’ होताच तो स्पेकमध्ये!

बाकीचे ग्राहक बाजूला झाले. एका छोट्या मार्केटिंग कंपनीच्या क्यूएच्या (दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या) मॅडम राहिल्या. त्यांनी सर्टिफिकेट बाजूला सारलं आणि प्रत्येक रोलच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे तुकडे मागवले, तेही डावीकडचे, मधले आणि उजवीकडचे वेगळे. पुढे स्लॉट डाय (अरुंद फटीतून पंपाने माल सोडणारं कोटिंगचं यंत्र) घेताना त्यांनीच ऑर्डरवर निम्मे पैसे आगाऊ दिले. स्लॉट डायमध्ये पंप जेवढं ढकलतो तेवढंच लायनरवर (खालच्या आधारपट्टीवर) बसतं: ३०० मिलिमीटर रुंद वेब, मिनिटाला १ मीटर, म्हणजे मिनिटाला १२० ग्रॅम. लॉट घट्ट असो वा पातळ. फक्त डायआधी १०० मायक्रॉनची जाळी हवीच. औषधाची एक गुठळी डायच्या ओठात अडकली की रोलभर रेघ उमटते आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या फिल्म कमी डोसच्या निघतात. टाकीतलं ढवळणंही थांबवू नका. बेस तरंगत असतो, खाली बसला की पहिला मीटर आणि शेवटचा मीटर दोन वेगळी औषधं.

मॅडमची तपासणी आम्ही अजून करतो. त्यासाठी १० चौरस सेंटिमीटरचा गोल पंच बनवून घेतलाय. लायनरवरून सोललेल्या फिल्मवर दाबायचा, चकती तराजूवर ठेवायची, १०० मिलिग्रॅम आलेच पाहिजेत. मायक्रोमीटरपेक्षा माझा यावर भरवसा जास्त, कारण मायक्रोमीटर बुडबुडाही मोजतो. बुडबुडे मात्र कोटिंगआधी व्हॅक्यूमखालीच काढायचे.

सुकवणीत पहिला झोन ५० अंशांच्या पुढे नेऊ नका. वरून दुधासारखी साय धरते, खालचं पाणी अडकतं आणि पुढच्या ७० अंशांच्या झोनमध्ये फोड येतात. आम्ही ओलावा ४ ते ६ टक्क्यांवर थांबवतो. ३ च्या खाली स्लिटिंगला (रोलच्या पट्ट्या कापताना) कडा तडकतात, ८ च्या वर फिल्म पाऊचला चिकटते. कडेला माल जाड बसतो, तिथली दोन्हीकडची पट्टी टाकून द्यावी लागते. ती वाचवणारे नग आम्हाला ठाऊक आहेत.

त्यातल्याच एकाने आमचे दोन ग्राहक नेले. जाहिरात अशी: ‘दहा सेकंदांत विरघळते, जिभेतूनच रक्तात!’ सेकंद मोजायची पद्धत जो तो आपली वापरतो. कोणी पेट्री डिशमध्ये २ मिली पाण्यात फिल्म टाकतो, कोणी चौकटीत ताणून वर थेंब सोडतो. एकाच फिल्मचे दोन आकडे येतात. आणि ऑन्डान्सेट्रॉन फिल्ममधून सुटलं तरी लाळेबरोबर गिळलंच जातं, शोषलं जातं आतड्यातून, गोळीसारखंच. ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाची गोष्ट निराळी. ते जिभेखालून किंवा गालातून जावंच लागतं, गिळलं तर बरंचसं यकृतातच संपतं. फिल्मचा खरा फायदा हा की पाणीही पोटात न ठरणाऱ्या माणसाला घोट न घेता औषध देता येतं. देताना हात कोरडे हवेत, नाहीतर फिल्म बोटालाच चिकटते.

अधूनमधून कोणीतरी पॅरासिटामॉल ५०० ची फिल्म मागतं. औषध ३० टक्क्यांपुढे गेलं की आमची फिल्म दुमडताच तुटते. त्या हिशेबाने ५०० साठी १३ बाय १३ सेंटिमीटरचा तुकडा लागेल. ६० मिलिग्रॅमच्या फिल्ममध्ये १८ च्या आत बसणारं औषध असेल तर जरूर या. येताना एपीआयचा (मूळ औषधाच्या पावडरचा) पार्टिकल साइज रिपोर्ट आणा, नुसता सीओए नको.