एक थेंब की एक मिली?

बाळाच्या ड जीवनसत्त्वाची बाटली संपली म्हणून दुसरी आणली, तर ती वेगळ्याच कंपनीची निघाली. चिठ्ठीवर फक्त 'रोज १ मिली' एवढंच होतं. जुन्या औषधात १ मिलीत ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) होते. तान्ह्या बाळाला रोज लागतात तेवढेच. नव्या बाटलीवर मात्र बारीक अक्षरांत छापलं होतं, 'एका थेंबात ४०० आययू'. एका मिलीत वीस थेंब तरी होतातच. म्हणजे चिठ्ठीबरहुकूम दिलं असतं तर बाळाच्या पोटात रोज आठ हजार गेले असते! पहिल्या सहा महिन्यांत १,००० आणि पुढच्या सहांत १,५०० ही रोजची कमाल मर्यादा मानतात.

बाटलीचं सील न तोडता डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी थेंबांचं नाही, दुधाचं विचारलं. पावडरच्या दुधात ड घातलेलंच असतं. दिवसाला लिटरभर पिणाऱ्या बाळाला वेगळे थेंब सहसा लागतच नाहीत. आमचं मुख्यतः अंगावरचं दूध. मग म्हणाल्या, "आणखी कुठलं टॉनिक चालू आहे?" होतं की, मल्टीव्हिटॅमिनचं. त्यातही ४०० निघाले. दोन्ही मिळून मर्यादेच्या आत होते, पण गरजेच्या दुप्पट. त्यांनी ते टॉनिक लगेच बंद करायला सांगितलं.

उलट्या, घट्ट शी, दूध नको म्हणणं, सारखी लघवी, मलूलपणा, एकेक करून सगळं विचारलं. यातलं काहीच नव्हतं, म्हणून रक्त तपासायची गरज त्यांना वाटली नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे चटकन निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांत साचू शकतं. नवऱ्याने लगेच कोवळ्या उन्हाबद्दल विचारलं. उन्हाने ड चा अतिरेक होत नाही, त्वचा जास्तीचं स्वतःच मोडून टाकते. (तान्ह्याला उन्हात भाजून काढा असा याचा अर्थ नाही, हेही त्यांनी ऐकवलं.)

ड्रॉपरमधून बाळांना जास्त ड जाऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच दिला होता, हे मला नंतर वाचनात आलं. चिठ्ठीवर नुसतं 'मिली' लिहायची पद्धत मला तरी पटत नाही.

आम्ही बाटली बदलून घेतली. नव्या चिठ्ठीवर आता 'रोज ४०० आययू' आणि पुढे औषधाची तीव्रता असं दोन्ही लिहिलेलं आहे. जुना ड्रॉपर टाकून दिला. थेंब दिले की कॅलेंडरवर खूण करायची, म्हणजे सासूबाईंनी सकाळी दिलेले मी दुपारी पुन्हा देणार नाही.