तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकलवाल्याला लॅटिन कशाला?

निपाणीत माझं मेडिकल आहे, गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर एक जुनं ग्रामरचं पुस्तक उघडून बसतो आणि दर दोन-चार दिवसांनी कोणतरी विचारतंच, "काय वाचायलाय ओ?" लॅटिन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते आणि कशाला? चर्चमध्ये जाणार काय?" नाही ओ. आता एकदाचं लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

सुरुवात एका चुकीनं झाली, आणि चूक माझीच. एक आजी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या, ड्रॉप्सचं नाव आणि पुढं ओडी, बीडी. आता आमच्यात ओडी म्हणजे दिवसातून एकदा आणि बीडी म्हणजे दोनदा, मग एकदा पण आणि दोनदा पण कसं? मला वाटलं एक खोडायचं राहिलं असेल, मी आपलं बॉक्सवर पेनानं "रोज एकदा" लिहून दिलं. फोन करून विचारायला पाहिजे होतं, दुकानात गर्दी होती, नाही केला. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे ओकुलुस डेक्स्टर, उजवा डोळा. उजव्या डोळ्यात, दोनदा. आजी दोन्ही डोळ्यांत एकेकदा घालत होत्या. काही बिघडलं नाही हे नशीब, पण त्या रात्री मला झोप नाही. आमचं नेहमीचं ओडी म्हणजे ओम्नी डिए, रोज. अक्षरं तीच, आणि जी अक्षरं वाचून मी पोट भरतोय ती कुठल्या शब्दांची आहेत हे मी कधी विचारलंच नव्हतं, डी.फार्मला घोकलं आणि सोडून दिलं.

(बीडीवरून आमच्या गावात काय होतं ते वेगळंच. तंबाखूचं गाव, विड्या वळणाऱ्या बायकांचं गाव. मी आतल्या पोराला "बीडी आहे, दहा दे" म्हणून ओरडलो तर समोरची मावशी म्हणाली, "इथं पण मिळती व्हय?")

मग एकेक सोडवत गेलो. बीडी म्हणजे बिस इन डिए. बिस म्हणजे दोनदा, दिवसाला शब्द डिएस, पण मागं 'इन' आलं म्हणून डिए झालं. पीसी म्हणजे पोस्ट किबुम, जेवणानंतर. अन्न म्हणजे किबुस, 'पोस्ट'च्या पुढं त्याचं किबुम. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी, सोम्नुस झोप आणि सोम्नी झोपेची. एका चिठ्ठीवर तीन विभक्त्या, आणि मी त्याला शॉर्टकट समजत होतो! एसओएस तर मला जहाज बुडतानाचं वाटायचं, ते निघालं सि ओपुस सित, गरज पडली तर. आणि वर कोपऱ्यात जे आरएक्स असतं ते रेकिपे, म्हणजे "घे". हे पेशंटला नाही, औषध बनवणाऱ्याला, म्हणजे मलाच सांगितलंय, आणि ते पण एकवचनात. बरं, असूदे.

अवघड आहे का? आहे, पण इंग्लिशमधून शिकणाऱ्याला जितकं आहे तितकं आपल्याला नाही. नपुंसकलिंग आपल्याकडं आहेच. शब्दकोशात एकेक शब्द दोन-दोन रूपांत देतात, ओस, ओरिस म्हणजे तोंड (गोळीपुढं पीओ लिहितात ना, पेर ओस, ते हेच), आणि पुस्तक सांगतं की दुसरं रूप बघून मूळ धरा. अहो हे तर सामान्यरूप! भाऊ पण भावाला, पाणी पण पाण्याला, आपण हे न शिकता बोलतोय. फसलो ते भलतीकडंच. पुएला म्हणजे मुलगी, आणि माझ्या कानाला ते आंबा-घोडा-मुलगा ऐकू येतं, महिनाभर मी सगळ्या मुलींना मुलगे करून वाक्यं सोडवली. त्यात अग्रिकोला, शेतकरी, त्याच्या शेवटी तसाच आ आणि तो मात्र पुल्लिंगी.

विभक्त्यांत सगळ्यात जास्त नडला तो अॅब्लेटिव्ह. तृतीया म्हणावं तर पंचमीचं पण काम करतोय, वर त्या डिएमध्ये सप्तमीचं पण, मराठीत बसवायला गेलं की एका बाजूनं बाहेर येतोय. तो सुटला कन्नडनं. शाळेत आम्हाला प्रत्यय घोकायला लावले होते, उ, अन्नु, इंद, गे, आणि तेव्हा आम्ही पोरं लई वैतागायचो. पण हा 'इंद' बघा, मनेयिंद म्हणजे घरातून आणि कैयिंद म्हणजे हातानं. दोन्हीला एकच! ते आठवलं आणि अॅब्लेटिव्ह निम्म्याहून जास्त जागेवर बसला, सप्तमीचं तेवढं वेगळं लक्षात ठेवलं. सीमाभागात राहून दोन भाषांची कटकट म्हणणाऱ्यांना मी आता हे ऐकवतो, ऐकून घेत नाहीत ती गोष्ट वेगळी.

सध्या टीडीएसवर आहे. इन्कम टॅक्सचं नव्हे, तेर डिए सुमेंडुम, दिवसातून तीनदा. हे सुमेंडुम पुस्तकात दोन पानं समजावून सांगितलंय आणि माझ्या काही डोक्यात शिरेना. तेवढ्यात एकजण काढ्याची बाटली न्यायला आला, मी सवयीनं म्हटलं, "हे औषध दिवसातून तीनदा घ्यायचं." म्हटलं आणि थांबलोच. घ्यायचं. औषध घ्यायचं, गोळी घ्यायची, काढा घ्यायचा. सुमेंडुम, सुमेंडा, सुमेंडुस.

तो माणूस अजून उभाच होता, म्हणाला, "सुट्टे द्या की."