दाण्याच्या चुकीपासून : आमची वाटचाल

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या नोंदीसाठी आयसीडी-१०-सीएम ही वर्गीकरण पद्धत लागू केली, त्या काळात मी पुण्यातील एका कंपनीत मेडिकल कोडिंगची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला सांकेतिक क्रमांक (कोड) देण्याच्या कामाची, रात्रपाळी करीत होतो. शेजारच्या खुर्च्यांवर चोपडा, यावल, अमळनेरकडची सूक्ष्मजीवशास्त्राची आणि औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर मुले बसलेली असत आणि त्यांचा निम्मा पगार खोलीच्या भाड्यातच जाई. हेच काम जळगावात का होऊ नये, असा विचार करून काही वर्षांनी मी परतलो आणि एका दवाखान्याच्या माडीवरील दोन खोल्यांत आम्ही चौघांनी सुरुवात केली. पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि इंटरनेटची दुसरी जोडणी यांतच बहुतेक भांडवल गेले.

अन्नाच्या ॲलर्जीचे काम आमच्याकडे आले ते योगायोगाने. एका मोठ्या कंत्राटदाराकडे अमेरिकेतील ॲलर्जी क्लिनिकचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या तपासणीच्या नोंदी, साचले होते आणि त्यांतले उरलेले त्याने आमच्याकडे वळवले. पहिल्याच महिन्यात आमची चूक झाली. एका मुलाच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘नट ॲलर्जी’ एवढेच लिहिले होते आणि आमच्या कोडरने झेड ९१.०१०, म्हणजे शेंगदाण्याची ॲलर्जी, हा कोड दिला. खान्देशात ‘दाणे’ म्हटले की शेंगदाणेच. चटणीपासून भाजीच्या रश्श्यापर्यंत तेच वापरले जातात, त्यामुळे त्याला दुसरे काही सुचलेही नाही. परंतु शेंगदाणा हे शेंगवर्गातील पीक आहे, तर काजू, अक्रोड, बदाम ही झाडाची फळे असून त्यांची ॲलर्जी झेड ९१.०१८ या ‘इतर अन्नपदार्थ’ कोडखाली जाते. तपासणीत चूक उघड झाली, त्या आठवड्याचे सगळे चार्ट परत आले आणि मोबदलाही कापला गेला. मला त्या कपातीपेक्षा अधिक लागले ते असे, की चार्टमध्ये नसलेली गोष्ट आम्ही आपल्या स्वयंपाकघरातून आणून तिथे ठेवली होती.

त्यानंतर आम्ही नियम केला, की मोघम शब्द दिसला की अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना प्रश्न पाठवायचा. हा प्रश्न लिहिणे हीच आमच्या कामातील सर्वांत अवघड कला आहे, असे माझे मत आहे. तातडीच्या विभागातील एखाद्या नोंदीत कोळंबी खाल्ल्यानंतर अंगावर पित्त उठले, धाप लागली, एपिनेफ्रिनचे इंजेक्शन दिले, असे सगळे लिहिलेले असते, पण निदानाच्या जागी फक्त ‘अन्नाची प्रतिक्रिया’ असते. हे ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, असावे, असे कोडरला वाटले तरी उपचारावरून निदान ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले तर कोड टी ७८.०२, अन्यथा टी ७८.१, आणि दोहोंच्या गांभीर्यात मोठे अंतर आहे. प्रश्नही असा विचारावा लागतो, की त्यातून उत्तर सुचवले जाऊ नये : चार्टमधील लक्षणे जशीच्या तशी मांडायची, संभाव्य पर्याय द्यायचे आणि ‘इतर’ व ‘निश्चित सांगता येत नाही’ हे दोन पर्याय उघडे ठेवायचे.

व्यवसायाच्या दृष्टीने यात एक अडचण होती. आम्हाला पैसे प्रति चार्ट मिळत, प्रश्नाला दर नव्हता, आणि उत्तर येईपर्यंत चार्ट अडकून पडे. दोन वर्षे हा वेळ आम्ही पदरमोड करून सोसला. पुढे आमच्या वरिष्ठ ताईंनी कोणता डॉक्टर कोणता शब्द मोघम वापरतो याची यादी करून क्लिनिकला पाठवली. त्यात ‘दुधाची ॲलर्जी’ सर्वांत वर होती, कारण दूध प्यायल्यावर पोट फुगणे, म्हणजे लॅक्टोज न पचणे, यासाठी ई ७३ हा निराळाच गट आहे आणि त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. त्या यादीनंतर क्लिनिकने दस्तऐवज सुधारणेचे काम वेगळ्या दराने आमच्याकडे सोपवले. ऑक्टोबर २०२५ पासून दूध आणि अंडे यांचे कोड आणखी विभागले गेले आहेत : केक-बिस्किटासारख्या भाजलेल्या पदार्थांतील दूध रुग्णाला चालते की नाही, हेही आता डॉक्टरांनी लिहावे लागते. तिळाला मात्र अजून स्वतंत्र कोड नाही, हे मला खटकते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला, तरी ॲलर्जीच्या कोडमध्ये तो ‘इतर’ मध्येच आहे.

गावातील काम आम्ही बरेच उशिरा हाती घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये झेड ९१.० याचे पदार्थवार भाग नाहीत, त्यामुळे इथे प्रश्न कोडचा नव्हता, रुग्णाला भरती करताना भरायच्या कागदाचा होता. परिचारिका विचारते, ‘कशाची ॲलर्जी आहे का?’ आणि रुग्ण सांगतो, ‘वांगं बाधतं.’ बाधणे या शब्दात पित्त, वात, पथ्य आणि खरी ॲलर्जी असे सगळेच येते. कागदावर मात्र ‘ॲलर्जी : वांगे’ एवढेच उमटते आणि पुढच्या प्रत्येक भरतीत तेच उतरत राहते. आम्ही एका रुग्णालयासाठी त्या एका रकान्याचे पाच केले : काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, नेमके काय झाले, कोणता उपचार लागला आणि पुन्हा खाल्ल्यावर काय झाले.

त्या कागदावर एका शेतकरी बाईंनी केळे खाल्ले की तोंडाला खाज सुटते आणि ओठ सुजतात, असे सांगितले. केळ्यांच्या मुलखात हे कोणी तक्रार म्हणूनही मोजत नाही. परंतु केळे, किवी, ॲव्होकॅडो यांतील काही प्रथिने रबराच्या चिकातील प्रथिनांशी मिळतीजुळती असल्याने अशा व्यक्तींपैकी काहींना लॅटेक्सच्या हातमोज्यांचीही ॲलर्जी असते, आणि बाईंची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. भूलतज्ज्ञांनी चौकशी केली, तेव्हा फुगे फुगवतानाही तोंड सुजत असे, हे त्यांना आठवले. शस्त्रक्रियेत लॅटेक्सविरहित हातमोजे वापरले गेले. त्यानंतर भूलतज्ज्ञांनीच त्या कागदावर सहावा रकाना घालून घेतला : रबर, फुगे, हातमोजे.