मास्टमध्ये गुंडाळणारं शीड : दोष शिडाचा की काठीचा, हे ठरेपर्यंत

दोन विक्रेते एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर मधल्या गिऱ्हाइकाने काय करायचं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमचा अख्खा वसंत वाया गेला नसता. म्हणून हे लिहितोय. आपल्यापैकी बरेच जण इंग्लंडमध्ये जुन्या बोटी घेऊन हौसेने शिडं चालवायला लागले आहेत. मेनसेल म्हणजे मास्टवर, म्हणजे उभ्या डोलकाठीवर, चढणारं मुख्य शीड. ते गुंडाळण्याची यंत्रणा बसवायचा विचार चालू असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

आम्ही साउदम्प्टनजवळ राहतो. बोट 29 फुटी, 1980च्या दशकातली, हॅम्बल नदीत पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बांधलेली असते. जुन्या पद्धतीत वारा वाढला की एकाने कॅबिनच्या छपरावर चढायचं, शीड थोडं खाली घ्यायचं, कडी हुकात अडकवायची, खालचा भाग बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीवर, आवळायचा. मी वर, बायको सुकाणूवर. सोलेंटमध्ये, म्हणजे वाइट बेट आणि किनारा यांच्यातल्या सामुद्रधुनीत, वारा आणि भरती-ओहोटी एकमेकांविरुद्ध असली की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छपरावर उभं राहणं कठीण होतं. त्यात तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मला काही झालं तर ती एकटी शीड उतरवू शकणार नाही, हे लख्ख दिसत होतं. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या खोलगट जागेत, बसून एक दोर ओढला की शीड आत, दुसरा ओढला की बाहेर, असं काहीतरी हवंच होतं.

पर्याय तसे मोजकेच. शीड मास्टच्या पोटात उभं गुंडाळणं, बूमच्या पोटात आडवं गुंडाळणं, किंवा जुन्या मास्टच्या पाठीवर वेगळा पन्हळ बसवून त्यात गुंडाळणं. बूममधल्या पद्धतीत शिडाला आकार देणाऱ्या आडव्या ताठ पट्ट्या राहतात, आकार चांगला राहतो, आणि यंत्रणा अडकली तरी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडून शीड खाली आणता येतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मोठा गुण. पण ती महाग, जड आणि बूमच्या कोनाबाबत फार नखरेल. पाठीवरचा पन्हळ वारा अडवतो. मास्टमधली पद्धत टेड हूड यांच्या कंपनीने 1970च्या दशकात लोकप्रिय केली. 1974मध्ये 'करेजस' बोटीवरून अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत जिंकणारे तेच हूड. आम्ही ही पद्धत निवडली, म्हणजे मास्ट, बूम आणि शीड तिन्ही नवीन. यात आडव्या पट्ट्या चालत नाहीत. त्यामुळे शिडाची मागची कड आत कापावी लागते आणि क्षेत्रफळ घटतं. उभ्या पट्ट्या घालून ते थोडं परत मिळवता येतं, पण अडकायला आणखी एक वस्तू वाढते, म्हणून त्या घेतल्या नाहीत. शिवाय काठी जड होते आणि बोट जास्त कलते. 27-28 फुटांखालच्या बोटीवर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे साधी रीफिंगच, म्हणजे हाताने शीड लहान करणंच, बरी.

फेब्रुवारीत क्रेनने जुनी काठी उतरली, मार्चअखेर नवी उभी राहिली. मास्ट एका कंपनीकडून बसवून घेतली, शीड दुसऱ्याकडून शिवून घेतलं. शीड वर चढलं, आत गुंडाळलं गेलं, सगळ्यांनी हात मिळवले. इथवर तक्रारीला जागा नाही.

पहिल्याच मोठ्या फेरीत कॅलशॉटच्या पुढे शीड तिसरा हिस्सा बाहेर आलं आणि थांबलं. आत जाईना, बाहेर येईना. वारा वाढत होता. इंजिन लावून बोटीचं नाक वाऱ्यात धरलं. ते तसंच फडफडत ठेवलं असतं तर फाटलंच असतं, म्हणून मोकळा असलेला दुसरा हॅलयार्ड घेऊन बाहेर राहिलेलं कापड मास्टभोवती नागमोडी आवळलं आणि परत आलो. ही युक्ती लक्षात ठेवा. मास्टमधलं शीड अर्धवट अडकलं तर खाली घेता येत नाही, कारण ते आतल्या दांड्याला गुंडाळलेलं असतं. बाहेरून बांधणं एवढंच हातात राहतं. विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, लावून जोर करू नका. इलेक्ट्रिक विंच असेल तर मुळीच नको, तिला कापड फाटतंय हे कळत नाही.

आणि मग सुरू झालं ते टोलवाटोलवीचं प्रकरण.

मास्टवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, शीड पोटात सैल शिवलंय, गुंडाळी जाड होतेय, सेलमेकरशी बोला. सेलमेकर म्हणाला, शीड मापाबरहुकूम आहे, तुमची मास्ट वाकलेली असणार, मास्टवाल्यांशी बोला. दोघांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं, हीच खरी अडचण. जुनं, ताणलं गेलेलं डेक्रॉनचं (पॉलिएस्टर कापडाचं) शीड मधे फुगतं आणि त्याची गुंडाळी जाड होते, हे खरं. मास्टला बॅकस्टेने, म्हणजे मागून ओढणाऱ्या तारेने, जास्त बाक दिला तर आतला दांडा पोकळीच्या भिंतीला घासतो, हेही खरं. पण आमचं शीड नवंकोरं होतं आणि बॅकस्टे सैल होता.

मास्टवाल्यांनी वॉरंटीचा फॉर्म पाठवला. त्यात शिडाच्या लफची म्हणजे पुढच्या कडेची, फूटची म्हणजे खालच्या कडेची आणि गुंडाळीच्या जाडीची मापं सेलमेकरच्या सहीने हवी होती. सेलमेकर म्हणाला, आधी मास्टवाल्यांनी बसवल्यानंतरचा मास्टचा बाक मोजून लेखी द्यावा, मग मी सही करतो. मास्टवाले म्हणाले, पूर्ण भरलेला फॉर्म आल्याशिवाय आमचा माणूस बोटीवर येणार नाही. हा घाट्याचा खेळ एप्रिलभर चालला, मेमध्येही चालू राहिला. ई-मेलला उत्तर यायचं ते 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच. फोनवर दर वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. सूर्य रात्री नवापर्यंत मावळत नव्हता, शेजारच्या बोटी वाइट बेटाकडे जाऊन येत होत्या, आणि आमची पाँटूनला बांधलेली, मास्टभोवती दोर गुंडाळून. इतका संताप मला या देशात आल्यापासून क्वचितच आला असेल.

शेवटी बायको म्हणाली, "अरे, दोघं एकमेकांवर ढकलतायत ना? मग दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघ. शीडच काढून टाक आणि काठीतला नुसता दांडा फिरव." सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची सूचना हीच ठरली. तुमचंही शीड अडकत असेल तर इतर काही करण्याआधी ही चाचणी करा. रिकामा दांडा हाताने सहज, आवाज न करता फिरला तर दोष शिडात, बूमच्या कोनात किंवा गुंडाळण्याच्या पद्धतीत शोधायचा. रिकामाच अडखळला तर दोष काठीचा, आणि त्यावर सेलमेकरची सही लागत नाही.

अर्थात आधी अडकलेलं शीड बाहेर काढायला हवं. वारा अजिबात नसलेली पहाट निवडली. बूम टॉपिंग लिफ्टने, म्हणजे तिला वरून पेलणाऱ्या दोराने, थोडी उचलली. दोन-तीन वेढे आत घ्यायचे, थोडे बाहेर सोडायचे, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आउटहॉल म्हणजे शीड बाहेर ओढणारा दोर, तो हातानेच ओढायचा. चुणी कुठे अडकली आहे ती हाताला जाणवते, आणि घाई न करता ती सुटतेही. शीड पूर्ण बाहेर आलं, हॅलयार्ड सोडून खाली उतरवलं, घडी घालून कॅबिनमध्ये ठेवलं.

मग बायकोने खाली दांडा फिरवणारी चकरी हळूहळू फिरवली आणि मी मास्टला कान लावला. प्रत्येक फेऱ्याला वरून एक 'टक्' यायची. नेमकी त्याच ठिकाणी, आणि दांडा तेवढ्यापुरता जड व्हायचा. शेजारच्या बोटीवरच्या निवृत्त गृहस्थांनी विंच फिरवून मला झुल्यात बसवून वर चढवलं. झुल्याला दोन वेगळे हॅलयार्ड लावले होते. एकावर भिस्त ठेवून कधीही वर जाऊ नका. स्प्रेडरच्या, म्हणजे मास्टवरच्या आडव्या हातांच्या, थोडं वर मास्टच्या उभ्या खाचेत टॉर्च मारला. ॲनोडाइज केलेल्या मंद करड्या पृष्ठभागावर बोटभर लांबीची चकचकीत पट्टी घासली गेली होती आणि खाचेच्या ओठावर ॲल्युमिनियमची राखेसारखी भुकटी जमली होती. खाचेतून बोट घालून दांडा हलवला तर तो चक्क मागेपुढे झुलत होता.

कारण साधं होतं. हा दांडा वरपासून खालपर्यंत ताणलेला असावा लागतो. तो ताण बूमच्या सांध्याजवळच्या स्क्रूने देतात. मास्ट यार्डात टेकूंवर आडवी असताना ताण दिला जातो. नंतर मास्ट उभी राहते, दोन्ही बाजूंच्या तारा आवळल्या जातात, मास्ट दाबली जाते, किंचित वाकते. आडवी असतानाचा ताण उभी झाल्यावर तेवढाच राहील याची खात्री नसते. तारा आवळून झाल्यावर तो पुन्हा तपासायला हवा होता, आणि तो कुणी तपासला नव्हता. सैल दांडा शिडाच्या ओढीने मागे खाचेकडे झुकतो, गुंडाळी पोकळीच्या मधोमध राहत नाही, आणि कापड भिंत आणि गुंडाळी यांच्यात चिमटलं जातं.

फोटो काढले, 'टक्' आवाजाचा व्हिडिओ काढला, आणि या वेळी फॉर्म न भरता पत्र लिहिलं. पत्रात कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015चा उल्लेख केला. ग्राहकाला दिलेली सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने झालेली नसेल तर ते काम वाजवी मुदतीत, ग्राहकावर खर्च न टाकता पुन्हा करून द्यावं लागतं. त्यांनी मास्ट नुसती विकली नव्हती, बसवलीही होती. म्हणून सांगतो, वस्तू आणि बसवणी शक्यतो एकाच बिलावर घ्या. आणि निदान काही रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, तर 1974च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75मुळे कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. पत्रात मी हेही लिहिलं. ज्यांना महिनोन् महिने सवड नव्हती त्यांचा माणूस त्याच आठवड्यात हजर झाला. स्क्रू आवळला, दांडा हलवून पाहिला, पुन्हा आवळला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. रिकामा दांडा आता बिनआवाज फिरत होता. मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. फार बरं वाटलं, आणि इतक्या छोट्या कामासाठी एवढे दिवस गेल्याचा राग अजूनही गेलेला नाही.

तोच माणूस जाता जाता बूमचा कोन लावून गेला, आणि ती माहिती मला पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडली. चटई गुंडाळताना एक टोक पुढे गेलं की गुंडाळी शंकूसारखी होते, तसंच इथे होतं. बूम फार खाली असेल तर मागच्या कडेवर ताण येतो आणि खालची कड सैल पडून तिथे जाड चुण्या पडतात. फार वर असेल तर मागची कड सैल सुटते आणि वरच्या भागात चुण्या पडतात. योग्य उंची सापडली की टॉपिंग लिफ्टवर रंगीत धाग्याची खूण करून ठेवा. किकर, म्हणजे बूम खाली खेचणारा दोर, गुंडाळण्याआधी सैल सोडायचा, नाहीतर खुणेचा काही उपयोग नाही.

हॅलयार्डही फार ताणू नका. जास्त ताणला की पुढच्या कडेला उभी चुणी पडते आणि तीच आत जाऊन गुंडाळीचं पोट वाढवते. आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढाच ताण पुरे.

गुंडाळताना मेनशीट, म्हणजे बूम आत धरून ठेवणारा दोर, सोडून शीड रिकामं करायचं, पण आउटहॉल मात्र पूर्ण सोडून द्यायचा नाही. बायको दोर ओढते आणि मी आउटहॉल हातात धरून किंचित विरोध करत सोडतो. विरोध नसला की गुंडाळी सैल बसते, आत फुलते, आणि पुढच्या वेळी बाहेर काढताना अडकते. शीड अडकतं ते बहुतेक वेळा बाहेर काढताना, पण बी पेरलेलं असतं मागच्या खेपेच्या गुंडाळण्यात. नाक बरोबर वाऱ्यात धरण्यापेक्षा वारा किंचित एका बाजूने घ्या. कोणती बाजू, ते दांडा कोणत्या दिशेने फिरतो यावर ठरतं. दोन्ही बाजूंनी करून बघा, दोर जिकडे हलका ओढला जाईल ती आपली.

एक राहिलंच. शीड आत असताना पाँटूनवर वारा आडवा आला की ती रिकामी खाच बासरीसारखी वाजते, रात्रभर. शेजारी तक्रार करतात आणि ते बरोबरच आहे. खाचेत वर चढवायची कापडी पट्टी मिळते, ती मास्टबरोबरच मागवून घ्या. नंतर मागवली तर मापाचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो.